धक्का आणि तो झेलणारे

२२ आणि २३ जुलै २०२३ या लागोपाठच्या दोन रात्री अमेरिकेतल्या सिॲटल शहरात गायिका टेलर स्विफ्टच्या ‘इराज टूर’चे कार्यक्रम झाले. लुमेन फील्ड हे स्टेडियम दोन्ही रात्री खचाखच भरलेलं होतं. दर रात्री सत्तर हजारांहून जास्त माणसं. या स्टेडियमच्या जवळच पॅसिफिक नॉर्थवेस्ट सेस्मिक नेटवर्कचं एक भूकंपमापक यंत्र आहे. वेस्टर्न वॉशिंग्टन विद्यापीठातल्या भूगर्भशास्त्रज्ञ जॅकी कॅप्लन-ऑयरबाख यांनी त्या यंत्राची नोंद काढून पाहिली. दोन्ही रात्रींचे आलेख एकावर एक ठेवले, तर ते जवळजवळ तंतोतंत जुळले. तीच गाणी, तोच क्रम, जमिनीची थरथरही तीच. दुसऱ्या रात्रीचा आलेख फक्त साधारण अर्धा तास पुढे सरकला होता, कारण रविवारचा कार्यक्रम उशिरा सुरू झाला होता.

याच यंत्राने जानेवारी २०११ मध्ये एक गंमत टिपली होती. अमेरिकन फुटबॉलच्या सामन्यात मार्शॉन लिंच हा खेळाडू प्रतिस्पर्ध्यांना झुगारत धावत सुटला, तेव्हा प्रेक्षकांनी असा काही जल्लोष केला की जमीन हलली. सिॲटलकर आजही त्याला ‘बीस्ट क्वेक’ म्हणतात. स्विफ्टच्या कार्यक्रमातली थरथर त्याच्या दुप्पट भरली. मग २.३ मॅग्निट्यूडच्या भूकंपाशी तिची तुलना झाली आणि तो आकडा बातमी होऊन जगभर फिरला.

अशा बातमीमुळे भूकंपशास्त्र घराघरात पोहोचतं याचा मला मनापासून आनंद होतो. पण आकडा एकदा सुटा झाला की तो काय सांगतो आणि काय सांगत नाही, याचा विचार मागे पडतो. भूकंपाच्या बाबतीत हा विचार मागे पडणं महागात जातं. म्हणून या आकड्याचा जरा नीट माग घेऊ. वाटेत एक अनपेक्षित सोबत मिळेल: फासे टाकून खेळल्या जाणाऱ्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळातली पात्रं.

पहिला प्रश्न हा की सिॲटलची जमीन हलवली कुणी? गायिकेने, भल्यामोठ्या स्पीकरांनी, की लोकांनी? याचं उत्तर लॉस एंजेलिसच्या सोफाय स्टेडियमवर मिळालं. ऑगस्ट २०२३ मध्ये स्विफ्टचे कार्यक्रम तिथे झाले, तेव्हा कॅलटेक आणि यूसीएलए या संस्थांच्या संशोधकांनी स्टेडियमच्या आत आणि आसपास यंत्रं लावली होती. एका कार्यक्रमातल्या ४५ गाण्यांपैकी ४३ गाणी त्यांना नुसत्या जमिनीच्या कंपांवरून ओळखता आली. प्रत्येक गाण्याची लय वेगळी, म्हणून कंपांची वारंवारताही वेगळी. सगळ्यात जोरदार ठरलं ‘शेक इट ऑफ’.

या अभ्यासाच्या प्रमुख गॅब्रिएल टेप यांना शंका होती की हे संगीताचे नाद नसून पावलांचे ठोके असावेत. त्यांनी ते करूनच पाहिलं. एका यंत्राशेजारी स्पीकर ठेवून संगीत वाजवलं, बास गिटार वाजवली, आणि मग स्वतः गाण्याच्या लयीत उड्या मारल्या. कार्यक्रमात दिसला होता तसा ठसठशीत, एकसारख्या अंतरावर उमटणारा कंप उड्यांनी दिला. स्पीकरचा आवाज त्यापुढे फिका होता. म्हणजे जमीन हलवली ती एका लयीत उडी मारणाऱ्या हजारो पायांनी. त्याच स्टेडियमवर मेटालिकाचा कार्यक्रम झाला तेव्हा कंप क्षीण आणि विस्कळीत होते. मेटल संगीताचे चाहते उड्या मारण्यापेक्षा मान झटकतात जास्त, असं त्याचं एक स्पष्टीकरण दिलं गेलं. संगीत किती कर्कश आहे यापेक्षा ऐकणारा त्याला कसा प्रतिसाद देतो यावर जमीन हलणं ठरलं.

जून २०२४ मध्ये एडिंबरामध्येही हेच दिसलं. ‘रेडी फॉर इट’ या गाण्याची लय मिनिटाला १६० ठोक्यांची. मरेफील्ड स्टेडियमवरची गर्दी त्या ठोक्यावर नाचली, तेव्हा ब्रिटिश जिऑलॉजिकल सर्व्हेच्या हिशेबाने सुमारे ८० किलोवॅट शक्ती जमिनीत उतरली आणि सहा किलोमीटरवरच्या यंत्रांनाही ती कळली. पण प्रत्यक्षात जमीन सरकली ती जास्तीत जास्त २३.४ नॅनोमीटर, म्हणजे केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाहूनही कमी.

डन्जन्स अँड ड्रॅगन्समध्ये ‘बार्ड’ नावाचं एक पात्र असतं. गाणं-बजावणं हेच त्याचं शस्त्र. खेळाच्या पाचव्या आवृत्तीत बार्डकडे एक खास कौशल्य आहे: तो गाऊन किंवा बोलून सोबत्याला हुरूप देतो, आणि त्या सोबत्याला एक जादा फासा मिळतो. पुढे तलवार चालवताना किंवा कड्यावरून उडी घेताना सोबती तो फासा टाकतो आणि आलेला आकडा आपल्या आकड्यात मिळवतो. फासा बार्डने दिलेला, पण टाकणारा दुसराच. तो केव्हा टाकायचा हेही तो दुसराच ठरवतो. स्विफ्ट आणि तिच्या प्रेक्षकांचं नातं भूकंपमापकाने मोजलं, ते मला हुबेहूब असं वाटतं.

आता त्या २.३ कडे वळू. चार्ल्स रिश्टर यांनी १९३५ मध्ये बेनो गुटेनबर्ग यांच्या मदतीने कॅलिफोर्नियातल्या भूकंपांसाठी मोजपट्टी तयार केली. भूकंपांच्या आकारात इतका प्रचंड फरक असतो की साध्या पट्टीवर ते मावतच नाहीत. म्हणून त्यांनी पट्टी अशी आखली की आकडा एकाने वाढला की यंत्रावरच्या कंपाची उंची दहापट व्हावी. ऊर्जेच्या हिशेबात एक पायरी म्हणजे सुमारे ३२ पट, दोन पायऱ्या म्हणजे हजार पट. आज शास्त्रज्ञ १९७९ मध्ये हँक्स आणि कानामोरी यांनी मांडलेलं ‘मोमेंट मॅग्निट्यूड’ वापरतात. फाटलेल्या खडकाचं क्षेत्रफळ, तो किती सरकला आणि किती टणक होता, यांवरून ते काढलं जातं. पायऱ्यांचा हिशेब मात्र तसाच आहे.

डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या खेळाडूंना ही चढण परिचयाची आहे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नसन यांचा हा खेळ १९७४ मध्ये आला. त्या पहिल्या नियमांत लढवय्याला दुसरी लेव्हल गाठायला अनुभवाचे २,००० गुण लागत, तिसरीला ४,०००, चौथीला ८,०००, पाचवीला १६,०००. लेव्हल एकेकाने वाढते, मागचं ओझं दर वेळी दुप्पट होतं. कागदावर दुसरी आणि पाचवी लेव्हल जवळजवळ दिसतात, पण त्यांच्यात आठपट कमाईचं अंतर आहे. भूकंपाच्या पायऱ्या याहून कितीतरी उभ्या. २.३ आणि ५.८ या आकड्यांत कागदावर साडेतीनचं अंतर, ऊर्जेत मात्र पावणेदोन लाख पटींहून जास्त. शिवाय भूकंप आपली ऊर्जा काही सेकंदांत मोकळी करतो, आणि गाण्याचा कार्यक्रम तीच ऊर्जा मिनिटामिनिटांनी सोडत असतो. स्टेडियमच्या आकड्याशेजारी भूकंपाचा आकडा ठेवताना हे ध्यानात घ्यायलाच हवं.

५ ते ५.९ मॅग्निट्यूडच्या भूकंपाला ‘मध्यम’ म्हणायची पद्धत आहे. जगात वर्षाकाठी असे हजाराहून अधिक भूकंप होतात. बरेचसे समुद्राखाली किंवा निर्मनुष्य भागात होतात, त्यामुळे त्यांची बातमीही होत नाही. अशाच दोन मध्यम भूकंपांची गोष्ट इथे सांगायची आहे. दोघांचा आकडा एकच: ५.८.

पहिला २३ ऑगस्ट २०११ चा. अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यात मिनरल नावाच्या छोट्या गावाजवळ भर दुपारी जमीन हादरली. त्या बाजूचा खडक जुना, थंड आणि टणक. कंप त्यातून फार न विरता दूरवर जातात. जॉर्जियापासून कॅनडापर्यंत लोकांना हादरा जाणवला, आणि अमेरिकेच्या इतिहासात सर्वांत जास्त लोकांना जाणवलेला भूकंप म्हणून त्याची गणना होते. राजधानीतल्या वॉशिंग्टन स्मारकाला तडे गेले, ते दुरुस्तीसाठी मे २०१४ पर्यंत बंद राहिलं. नॅशनल कॅथीड्रलचे दगडी कळस मोडले. नॉर्थ ॲना अणुवीज प्रकल्प आपोआप बंद पडला. एकही माणूस दगावला नाही.

दुसरा २९ फेब्रुवारी १९६० चा. मोरोक्कोच्या अटलांटिक किनाऱ्यावरचं आगादीर हे बंदर. रमजानचा महिना, मध्यरात्रीला वीस मिनिटं बाकी. हादरा जेमतेम पंधरा सेकंद टिकला. भूकंपाचं केंद्र शहराच्या अगदी खाली आणि उथळ होतं. दगडमातीच्या घरांच्या जुन्या वस्त्या जवळजवळ पूर्ण जमीनदोस्त झाल्या, आणि निकृष्ट बांधणीच्या नव्या इमारतीही कोसळल्या. १२ ते १५ हजार माणसं गेली, म्हणजे शहरातला साधारण दर तिसरा माणूस. नवं आगादीर पुढे जुन्या जागेपासून काही किलोमीटर दक्षिणेला वसवलं गेलं.

दोन्हीकडे आकडा तोच, मग असं का व्हावं? डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या टेबलावर हा प्रश्न कुणाला पडणारच नाही, कारण तिथे आघाताचा आकडा कधी एकटा येत नाही. प्रत्येक पात्राचा एक कागद असतो, त्याला कॅरेक्टर शीट म्हणतात. ताकद, चपळाई, काटकपणा, बुद्धी, शहाणपण आणि वलय असे सहा गुण त्यावर लिहिलेले. जुन्या पद्धतीत ते तीन फासे टाकून ठरत, म्हणून प्रत्येक गुण ३ ते १८ च्या दरम्यान. तिन्ही फाशांवर सहा येऊन १८ मिळण्याची शक्यता २१६ मध्ये एक. १० किंवा ११ मात्र चारातून एकदा सहज येतात. म्हणून बहुतेक पात्रं सामान्यच निघत, आणि एखाददुसऱ्या गुणाच्या जोरावर आपली वाट काढत.

याच कागदावर ‘हिट पॉइंट्स’ असतात: पात्र किती मार सोसू शकतं त्याचा आकडा. आधीच्या युद्धखेळांत एक वार लागला की सैनिक मेला. अर्नसन यांच्या खेळाडूंचा आपापल्या पात्रांवर जीव जडला, आणि एका फटक्यात ती गमावणं त्यांना पटेना. तेव्हा अर्नसन यांनी जहाजांच्या लढाईच्या नियमांतून ही कल्पना उचलली, असं त्यांनीच सांगितलं होतं. जहाज एका गोळ्याने बुडत नाही. कवच किती जाड यावर ते किती गोळे पचवील हे ठरतं.

प्रत्यक्ष उदाहरणच घेऊ. पाचव्या आवृत्तीतली दोन पात्रं, दोघंही पाचव्या लेव्हलची. एक विझार्ड, म्हणजे पोथ्यांत बुडालेला जादूगार, अंगाने किरकोळ: २७ हिट पॉइंट्स. दुसरा बार्बेरियन, रानात वाढलेला रांगडा लढवय्या: ५५. दोघं शेजारी उभे असताना त्यांच्यावर ‘फायरबॉल’ येऊन आदळतो. त्याचा मार आठ फाशांचा, सरासरी २८. विझार्ड कोसळतो. बार्बेरियन भाजतो, पण २७ गुण शिल्लक राखून उभा राहतो. शिवाय मार लागण्याआधी दोघांनाही वीस बाजूंचा फासा टाकून ‘सेव्हिंग थ्रो’ करता येतो. चपळाईने वेळेवर अंग चोरलं तर मार निम्म्यावर येतो, आणि मग विझार्डही वाचतो. आगीचा गोळा तिन्ही वेळा तोच होता.

भूकंपशास्त्रालाही हे फार आधीपासून माहीत आहे. रिश्टर यांच्याही आधी, १९०२ मध्ये, ज्युसेप्पे मर्काली या ज्वालामुखींचे अभ्यासक असलेल्या इटालियन धर्मगुरूंनी एक मोजपट्टी मांडली. पुढे तिला सुधारून बारा पायऱ्यांचं रूप मिळालं. तिला यंत्र लागत नाही. कपाटातली भांडी खडखडली का, माणसं घराबाहेर धावली का, धुराडी पडली का, चांगल्या बांधणीची घरं फुटली का, हे पाहून प्रत्येक गावाला वेगळा आकडा दिला जातो. एका भूकंपाचं मॅग्निट्यूड एकच असतं, पण मर्कालीचे आकडे जितकी ठिकाणं तितके. आगादीरच्या काही भागांत तो १० पर्यंत गेला. एक आकडा मारणाऱ्याचा, दुसरा झेलणाऱ्याचा. आपल्या बातम्यांत पहिला असतो, दुसरा जवळजवळ कधीच नसतो. तो द्यायला सुरुवात व्हावी, असं मला फार वाटतं.

झेलणाऱ्यात जमीनही आली. १९८५ मध्ये मेक्सिको सिटीला साडेतीनशे किलोमीटरहून दूर झालेल्या ८ मॅग्निट्यूडच्या भूकंपाने उद्ध्वस्त केलं. जुन्या तळ्याच्या गाळावर वसलेल्या भागात जमीन साधारण दोन सेकंदांना एक अशा झोक्याने हलत राहिली. मध्यम उंचीच्या इमारतींचा स्वतःचा झोका नेमका त्याच्याशी जुळला आणि त्या पडल्या. शेजारच्या अनेक बुटक्या इमारती टिकून राहिल्या, आणि चाळीसहून अधिक मजल्यांची टोरे लातिनोअमेरिकाना ही उंच इमारतही.

डन्जन्स अँड ड्रॅगन्समध्ये ‘अर्थक्वेक’ नावाचा एक मंत्र आहे, आठव्या पातळीचा, म्हणजे फार मोठ्या साधकालाच जमणारा. पाचव्या आवृत्तीतला त्याचा नियम वाचला तेव्हा मी थबकलो. जमीन हलते, माणसं तोल जाऊन पडतात, पण नुसत्या हादऱ्याने कुणाचा एकही हिट पॉइंट जात नाही. मार बसतो तो इमारतींना, दर फेरीला ५० गुणांचा. इमारतीचे हिट पॉइंट्स संपले की ती कोसळते, आणि तिच्या उंचीच्या निम्म्या अंतरात जो असेल त्याला इजा होते. तो ढिगाऱ्याखाली अडकूही शकतो. जमिनीला भेगाही पडतात, पण मुख्य घात करते ती इमारत. भूकंप अभियंते वर्षानुवर्षं हेच सांगत आले आहेत.

मराठी माणसाला यासाठी आगादीरला जायची गरज नाही. ३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटं. गणपती विसर्जन आटोपून किल्लारी आणि आसपासची गावं झोपली होती. भूकंपाचं मॅग्निट्यूड ६.२, म्हणजे ‘मध्यम’च्या किंचित वर, व्हर्जिनियाच्या भूकंपाच्या साधारण चौपट ऊर्जा. त्यात आठ ते दहा हजार माणसं गेली.

तिथल्या घरांची भिंत जवळून पाहण्यासारखी आहे. जाडी दोन फुटांपासून कुठे चार-पाच फुटांपर्यंत. बाहेरून भक्कम, गढीसारखी. पण ती एकसंध नव्हती. बाहेरच्या अंगाला दगडांचा एक पदर, आतल्या अंगाला दुसरा, आणि मधल्या पोकळीत दगडांचे तुकडे आणि माती. दोन्ही पदरांना एकमेकांशी बांधणारं काही नव्हतं. जमीन आडवी हलली तशी मधली भर खाली बसली आणि तिने दोन्ही पदर बाहेर ढकलले. एक रस्त्यावर पडला, दुसरा झोपलेल्या माणसांवर. वर माळवद होतं. उन्हापासून बचाव आणि पावसात गळू नये म्हणून वर्षानुवर्षं त्यावर मातीचे थर चढत गेलेले, टनावारी वजन. ज्या घरांत माळवद लाकडी खांबांवर नीट पेललेलं होतं, तिथे काही ठिकाणी भिंती ढासळूनही खांब आणि माळवद उभं राहिलं. खरी ताकद कुठे होती आणि कुठे असल्याचा भास होता, हे त्या उभ्या सांगाड्यांनी दाखवलं.

तेव्हाच्या भूकंप नकाशावर हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या, पहिल्या विभागात होता. २००२ च्या भारतीय मानकाने पहिला विभागच काढून टाकला आणि किल्लारीचा परिसर तिसऱ्या विभागात गेला. दगडी भिंत कशी बांधावी याचेही नेमके नियम आहेत. जाडी ४५ सेंटिमीटरपेक्षा जास्त नको. मजल्याची उंची तीन मीटरच्या आत. उंचीत दर ६० सेंटिमीटरला आणि लांबीत जास्तीत जास्त १.२ मीटरवर एक लांब दगड भिंतीच्या या तोंडापासून त्या तोंडापर्यंत आरपार जायला हवा. छताखाली आणि दारा-खिडक्यांच्या वर घराला सलग वेढणारा काँक्रीटचा किंवा लाकडाचा पट्टा हवा, म्हणजे चारही भिंती एकमेकींना धरून राहतात.

जुनं घर पाडायची गरज नसते. किल्लारीनंतर लातूर आणि धाराशिव भागात उभ्या राहिलेल्या दगडी भिंती मजबूत करताना भिंतीतले दगड हलक्या हाताने सोडवून आरपार भोक पाडलं जाई, त्यात दोन्ही टोकांना वाकवलेली सळई ठेवून काँक्रीट भरलं जाई. भोक मधे अरुंद आणि दोन्ही तोंडांशी रुंद ठेवायचं, म्हणजे काँक्रीट घट्ट झाल्यावर आतला आणि बाहेरचा पदर सुटा होऊ शकत नाही. गावातल्या गवंड्याला हे काम शिकवता येतं, आणि घरात माणसं राहत असतानाही ते करता येतं.